हिरव्या पिल्लांचं काय केलं?

रंगीत लव्हबर्डच्या पैदाशीवर कुणी आक्षेप घेतला की चार उत्तरं तयार असतात. पक्षी पिंजऱ्यातच जन्मला, त्याला आभाळ ठाऊकच नाही. रंग आम्ही फासत नाही, निसर्गच देतो. आम्ही पैदास करतो म्हणून जंगलातले पक्षी वाचतात. आणि शेवटचं, जरा आवाज चढवून दिलेलं: पोरगं रिकामं फिरण्यापेक्षा घरबसल्या चार पैसे कमावतं, तुमच्या पोटात का दुखतं? नागपुरात जुन्या वस्त्यांच्या माड्यांवर आणि नव्या ले-आउटांतल्या गच्च्यांवर टिनाच्या शेडखाली हा छंद रुजलाय, आणि त्याच्याबरोबर ही उत्तरंही. या लेखात त्यांचाच समाचार घ्यायचा आहे. मात्र सुरुवातीलाच एक कबूल केलं पाहिजे. चारांतलं एक उत्तर बरंचसं खरं आहे, आणि विरोधकांचा सर्वांत आवडता आरोप नेमका त्यावरच आपटतो.

आधी पक्षी कोणता ते ठरवू. आपल्याकडे दुकानात बजरिगरलाही सर्रास लव्हबर्ड म्हणतात. इथे बोलतोय ते आफ्रिकन लव्हबर्डबद्दल: आखूड शेपटीचा, वाकड्या चोचीचा, पन्नासेक ग्रॅम वजनाचा लहानसा पोपट. त्याच्या एकूण नऊ जाती. आठ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या, एक मादागास्करची. पिंजऱ्यात प्रामुख्यानं दिसतात त्या तीन: पीचफेस, फिशर आणि काळ्या डोक्याचा मास्क. रानात तिन्हींचं अंग मुख्यतः हिरवं. पिंजऱ्यात मात्र निळा, ल्युटिनो, अल्बिनो, व्हायोलेट, ओपलाइन, पाइड, फॅलो अशी यादी लांबतच जाते आणि यादीत जो जितका नवा, तितका त्याचा भाव चढा.

‘हे निसर्गविरोधी आहे’ हा विरोधकांचा आरोप इथे टिकत नाही. मास्क जातीचा पहिला प्रसिद्ध निळा पक्षी कुणाच्या पिंजऱ्यात जन्मला नव्हता. तो रानात पकडला गेला आणि १९२७ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचला. पोपटाच्या पिसाचा हिरवा रंग दोन गोष्टींच्या संगमातून दिसतो: पिसातलं पिवळं रंगद्रव्य, आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून विखुरणारा निळा प्रकाश, ज्याला खालच्या काळ्या मेलॅनिनची पार्श्वभूमी लागते. पिवळं गेलं की पक्षी निळा दिसतो. मेलॅनिन गेलं की पिवळा. दोन्ही गेली की पांढरा. बजरिगरमध्ये ही पिवळ्याची गाडी नेमकी कुठे अडते, ते स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं: एका जनुकातला एक लहानसा बदल. जत्रेत विकायला येणारी गुलाबी-जांभळी कोंबडीची पिल्लं रंगात बुडवून काढलेली असतात. निळा लव्हबर्ड तसा नाही. तो अंड्यातूनच तसा आला आहे, आणि केवळ निळा असण्यानं तो आजारी ठरत नाही. तेव्हा ‘रंग निसर्ग देतो’ हे उत्तर मान्य.

मान्य, पण अर्धंच. यातले बहुतेक रंग काही तरी गमावून आलेले असतात, आणि गमावलेल्या गोष्टीला कधी कधी काम असतं. लाल डोळ्यांच्या अल्बिनोच्या डोळ्यातही मेलॅनिन नसतं. प्रखर उजेडात तो दिपतो. फॅलोच्या काही प्रकारांत नजर अधूच असते. पोपटाचं रंगद्रव्य असलेली पिसं जीवाणूंपुढे पांढऱ्या पिसांपेक्षा जास्त काळ तग धरतात, हेही प्रयोगांत दिसलंय. शिवाय निसर्ग असा रंग देतो तो हजारांत एखाद्याला, आणि बहुतेकदा तो झाकून ठेवतो. दोन वाहक एकत्र आणून तो उघड करण्याचं काम निसर्गाचं नाही, पिंजऱ्याच्या मालकाचं. नव्या रंगाचा एकच पक्षी हाती असेल तर तो टिकवायला भावाबहिणीची, बापलेकीची जोडी लावणं हा या छंदातला उघड रिवाज आहे. त्या रिवाजाचं पाप निसर्गाच्या नावावर लिहिता येणार नाही.

तरीही माझा मुख्य आक्षेप रंगावर नाही. तो आहे रंगाच्या हिशेबावर. हा हिशेब विक्रेता कधीच पूर्ण मांडत नाही, म्हणून तो इथे मांडतो.

निळा रंग अप्रभावी आहे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तो मिळाला तरच पिल्लू निळं दिसतं. एकाकडूनच मिळाला तर पिल्लू हिरवंच दिसतं, पण आत निळा बाळगतं. छंदातले लोक अशा पक्ष्याला स्प्लिट म्हणतात. दोन स्प्लिट हिरव्यांची जोडी लावली तर सरासरी चारांत एक पिल्लू निळं. उरलेल्या तीन हिरव्यांपैकी दोन स्प्लिट आणि एक निव्वळ हिरवं, पण तिन्ही दिसायला सारखी. त्यांना ‘पॉसिबल स्प्लिट’ म्हणून विकायचं. शक्यता तीनांत दोन, आणि चुकलं तर नशीब गिऱ्हाइकाचं. आता फिशरमधला लाल डोळ्यांचा अल्बिनो घ्या. त्याला निळा आणि ल्युटिनो हे दोन्ही गुण लागतात, आणि फिशरमध्ये दोन्ही अप्रभावी. दोन्ही गुण बाळगणारे दोन हिरवे पक्षी एकत्र आणले तर मेंडेलच्या पाठ्यपुस्तकातला हिशेब लागतो: सोळा पिल्लांत नऊ हिरवी, तीन निळी, तीन ल्युटिनो आणि एक अल्बिनो. मादी एका वेळी चार ते सहा अंडी घालते. म्हणजे सगळी अंडी फळली तरी तीन-चार विणींतून एक. तिसरा अप्रभावी गुण जोडला की चौसष्टांत एक. जाहिरातीत फोटो असतो तो या एकाचा.

यावर अनुभवी पाळणारा हसेल आणि म्हणेल, असं करतं कोण? आम्ही निळ्याला स्प्लिट लावतो, निम्मी पिल्लं निळी मिळतात. निळ्याला निळा लावला तर सगळीच. पीचफेसमध्ये तर त्याहून सोपं: तिथे ल्युटिनो लिंगाशी जोडलेला, म्हणून ल्युटिनो नराला हिरवी मादी लावली की सगळ्या मुली ल्युटिनो, सगळे मुलगे हिरवे स्प्लिट. बरोबर आहे. पण हाच अनुभवी माणूस पुढचं वाक्यही जाणतो. पिढ्यान्‌पिढ्या रंगाला रंग लावत गेलं की पक्षी लहान होतात, पिसं विरळ होतात, अंडी रिकामी जातात. मग अंगपिंड सुधारायला पुन्हा धडधाकट हिरवा आणावा लागतो, आणि त्याच्याबरोबर पुन्हा हिरव्या स्प्लिटांची फौज. लिंगाशी जोडलेल्या रंगातही निम्मी पिल्लं, म्हणजे सगळे मुलगे, हिरवेच निघाले की. गणित कुठूनही सुरू करा, जाहिरातीबाहेरची पिल्लं उरतातच. ती पैदाशीतली चूक नाही. पैदासच त्यांच्या पाठीवर चालते.

ती जातात कुठे? निव्वळ हिरवी जोडी दुकानात किरकोळ भावात जाते. तिथून वाढदिवसाची भेट म्हणून एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत, वितीएवढ्या पिंजऱ्यात. नीट सांभाळला तर लव्हबर्ड दहा-पंधरा वर्षं जगतो. मुलाचा उत्साह एका परीक्षेपर्यंत टिकतो. विकत घेणाऱ्याला राळा आणि करडईपलीकडे त्याला काय खायला द्यायचं ते सांगितलेलं नसतं. पिसं गळू लागली तर चोच-पिसांच्या आजाराच्या विषाणूची तपासणी करायची असते, हे तर विकणाऱ्यानंही सांगितलेलं नसतं. या आजारावर औषध नाही, आणि वरून धडधाकट दिसणारा लव्हबर्डही तो वाहून नेऊ शकतो. महागड्या व्हायोलेटची डीएनए चाचणी होते, नर की मादी ते कळायला, कारण त्यावर जोडीचा भाव ठरतो. स्वस्तातल्या हिरव्याची कसलीच चाचणी होत नाही, कारण ती त्याच्या किमतीपेक्षा महाग पडते. काळजी कुणाची घ्यायची हेसुद्धा इथे रंग ठरवतो.

मग कुणाला तरी दया येते आणि पिंजऱ्याचं दार उघडलं जातं. इथे प्राणिमित्रांच्या घोषणेचाही प्रतिवाद केला पाहिजे. पक्ष्यांना उडण्याचा हक्क आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये म्हटलं, त्याचा दाखला ते देतात. हक्काला नाही म्हणवत नाही. पण फुटाळा तलावाच्या काठी सोडलेल्या पिवळ्याधमक ल्युटिनोला तो हक्क कावळ्याच्या नाही तर शिक्र्याच्या नजरेत पडेपर्यंतच मिळतो. आणि चुकून असे पक्षी जगलेच, तर ढोलीसाठी आपल्या राघूशी आणि साळुंकीशी भांडणारा एक परका पक्षी आपण शहराला दिला. अमेरिकेत फिनिक्सच्या परिसरात निसटलेल्या पीचफेस लव्हबर्डांची वसाहतच झाली आहे. नागपूरच्या सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर जखमी वन्यजीवांसाठी आहे, कुणाच्या रंगप्रयोगातली शिल्लक जमा करायला नाही. सोडून देणं हा उपाय नाही. ती पैदाशीतल्या कचऱ्याची दुसरी विल्हेवाट आहे, एवढंच.

फिनिक्सवरून उन्हाची गोष्ट आली. ‘आफ्रिकेचा पक्षी आहे, नागपूरचं ऊन त्याला काय करणार?’ हे ‘पिंजऱ्यातच जन्मला’ या पहिल्या उत्तराचं इथलं धाकटं भावंड. फिशर टांझानियात हजार मीटरहून उंच पठारावर राहतो. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास. पीचफेस कोरड्या नामिबियाचा, त्याला ऊन सोसतं, हे खरं. पण फिनिक्सशेजारच्या टेंपी शहरात, वाळवंटी उन्हात, हेच पीचफेस विद्यापीठाच्या इमारतीतून थंड हवा बाहेर टाकणाऱ्या झरोक्यांवर गर्दी करून बसतात, हे संशोधकांनी नोंदवलंय. रानावनात वाढलेल्या वंशाच्या पक्ष्याला उन्हात गारवा शोधायला जागा होती. टिनाच्या शेडमधल्या पक्ष्याला जागा तीच, दीड फुटाची. नवतप्यात इथे पारा सत्तेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा टिनाखाली काय होत असेल ते नागपूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. कूलर लावतो, असं उत्तर येतं. लावावाच. वीज गेली की कूलर बंद, आणि अंड्यात तयार झालेलं पिल्लू कवचातच मरतं. कोरड्या हवेतले असे मृत्यू पाळणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात ‘डेड इन शेल’ म्हणून येतात, जणू तो अंड्याचाच एखादा प्रकार आहे. समजूतदार पाळणारे मार्च संपायच्या आत पिंजऱ्यातून विणीचा बॉक्स काढून घेतात. भाव चढा असला की तो बॉक्स मे महिन्यातही लटकलेला दिसतो.

आणि पिंजऱ्यात जन्मल्यानं पक्षी पिंजऱ्यातला होत नाही. कॉर्नेल विद्यापीठाचे विल्यम डिल्गर यांनी १९६२ मध्ये याच पक्ष्यांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. पीचफेस मादी घरट्यासाठी साल, कागद, पानं यांच्या पट्ट्या फाडते आणि पाठीच्या पिसांत खोचून नेते. फिशर त्याच पट्ट्या चोचीत नेतो. डिल्गर यांनी दोघांचा संकर केला. संकरित माद्यांना काय करावं तेच कळेना. पट्टी पाठीत खोचायची, ती पडायची, पुन्हा उचलायची. चोचीत न्यायला शिकायला त्यांना वर्षं लागली, आणि शिकल्यावरही मान पाठीकडे वळतच राहिली. कुणी न शिकवलेली ही ओढ पिंजऱ्यातल्या अंड्यातूनही तशीच बाहेर येते. ज्या पक्ष्याला आभाळ माहीत नाही असं सांगितलं जातं, त्याला फाडायला साल, कुरतडायला फांदी, सोबतीला थवा हे सगळं माहीत आहे. त्याला ते मिळतं का, एवढाच प्रश्न आहे.

याच प्रयोगानं तिसऱ्या उत्तराचीही हवा काढली. ‘पैदाशीमुळे जंगलातले पक्षी वाचतात.’ कोणता पक्षी वाचवणार? रंग मिळवायच्या नादात जाती एकमेकींत मिसळल्या गेल्या. ल्युटिनो हा गुण १९३०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये न्यासा जातीच्या पक्ष्यात उमटला आणि पुढे संकरातून इतर जातींत नेला गेला. अशा वंशावळीचा ‘फिशर’ टांझानियात सोडायच्या लायकीचा कधीच होणार नाही. उलट इतिहास असा की पाळण्याच्या हौसेनंच रान रिकामं केलं. झांबियातल्या काळ्या गालांच्या लव्हबर्डचे १९२९ मध्ये चार आठवड्यांत सोळा हजार पक्षी पकडले गेले. ती जात आजही धोक्यात गणली जाते. १९८०च्या दशकात फिशर हा जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या रानपोपटांपैकी एक होता. ती लूट आटली ती मुख्यतः कायद्यांमुळे: अमेरिकेनं १९९२ मध्ये रानपक्ष्यांच्या आयातीवर लगाम घातला, युरोपीय संघानं २००७ मध्ये ती कायमची बंद केली. पिंजऱ्यातल्या पैदाशीनं मागणीचा काही भार उचलला असेल. तो साध्या हिरव्या पक्ष्यानंही उचलला असता. त्यासाठी व्हायोलेट लागत नव्हता.

राहिलं चौथं उत्तर, पोटापाण्याचं. याची थट्टा करू नये. विदर्भात तरुणाला चार पैशांची गरज किती आहे ते सगळे जाणतात. म्हणूनच विचारतो, हा पैसा येतो कुठून? महाग रंगाचा पक्षी घेणारा बहुधा हौशी घरमालक नसतो, तो पुढचा पैदासकार असतो. तो घेतो तो पक्षी नव्हे, पुढच्या विणीतली पिल्लं तितक्याच भावात विकता येतील ही आशा. नवा पैदासकार येत राहतो तोवर भाव टिकतो. १९२०च्या दशकात जपानमध्ये निळ्या बजरिगरचं वेड लागलं, जोडीला शंभर पौंडांहून जास्त मिळू लागले, आणि मग सगळ्यांकडेच निळे झाले. पुढचं सांगायला नको. आपल्याकडे इमूच्या शेडचा असाच पाडाव झाला. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातलं कडकनाथ प्रकरण गाजलं, त्यातही शेतकऱ्याला कोंबडी खाणारं गिऱ्हाईक दिसलंच नव्हतं, दिसली होती ती परत विकत घेण्याची हमी. तिथे निदान कोंबडी शिजवता आली असती.

या चार उत्तरांच्या मागे एक पाचवंही आहे, हळू आवाजात दिलेलं: परदेशी पक्षी आहे, त्याला कायदा लागत नाही. एके काळी ते खरं होतं. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आंतरराष्ट्रीय सायटीस करारातल्या जाती त्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. पीचफेस त्या यादीत नाही. बजरिगर आणि कॉकटीलही नाहीत. फिशर आणि मास्क मात्र आहेत. २०२४ च्या नियमांनुसार असे पक्षी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावे लागतात, जन्म, मृत्यू आणि हस्तांतरही कळवावं लागतं. ज्याच्या घरी फिशरचे रंग आहेत त्याला ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहिलेली नाही. आणि खरं सांगायचं तर प्रामाणिक पैदासकारानं या नोंदीला घाबरायचं कारण काय? तो चढ्या रंगाची वंशावळ चार पिढ्यांपर्यंत तोंडपाठ सांगतोच. हिरव्यांची सांगायची वेळ आली की वही सापडत नाही.

मागणी साधी आहे. पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतानाच पायात बंद कडी घाला, हिरव्यालाही. वर्षात दोन, फार तर तीन विणी; उन्हाळ्यात बॉक्स खाली. सख्ख्या नात्यात जोडी नको. विषाणूची चाचणी सगळ्यांची, आणि तिचा खर्च महागड्या रंगाच्या किमतीत धरा. न विकलेली पिल्लं स्वतः सांभाळता येतील इतकीच वीण घ्या. स्पर्धांमध्ये परीक्षकांनी रंगाबरोबर नोंदवहीही तपासावी. एवढं करून कुणी निळा पक्षी घडवत असेल तर माझं त्याच्याशी भांडण नाही. एवढं करायला गेलं तर धंदा परवडत नाही, असं कुणी म्हणालं तर तो माझंच म्हणणं सिद्ध करतो: आजवरचा नफा हिरव्यांवर न केलेल्या खर्चातून येत होता.

विकत घेणाऱ्याच्या हातात तर याहून सोपं हत्यार आहे. कुणी तुम्हाला मोबाइलवर अल्बिनोचा फोटो दाखवला आणि भाव सांगितला, तर त्याच जोडीची बाकीची पिल्लं आत्ता कुठे आहेत ते विचारा. सगळ्यांची, मेलेल्यांसकट. उत्तर आलं तर खुशाल सौदा करा. विषय बदलला, तर तुम्हाला सांगितलेला भाव खोटा आहे, कारण त्यात पंधरा पिल्लांची किंमत धरलेलीच नाही.